नकाशा रंगवणारे आणि तलाव बांधणारे : भंडाऱ्याच्या इतिहासाची बाजू

१/
छत्तीसगडमधील रतनपूर येथे कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा एक शिलालेख सापडला. त्यावरील काळ कलचुरी संवत ८६६, म्हणजे इ.स. १११४. या राजाला दरवर्षी खंडणी पाठवणाऱ्या प्रदेशांची नावे त्यात कोरलेली आहेत. त्यांपैकी वैरागर म्हणजे गडचिरोलीतील वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाटातील लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. भंडाऱ्याच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तोही दुसऱ्याच्या खंडणीच्या यादीत.

२/
नऊशे वर्षांनी तीच यादी संगणकाच्या पडद्यावर परत आली आहे. पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांत, म्हणजे ‘टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी’ प्रकारात, साम्राज्यांचा गुणतक्ता असतो. वर मोठी साम्राज्ये, तळाला लहान. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये त्यांच्याही खाली नगरराज्ये येतात. त्यांना डाव जिंकण्याची मुभाच नाही. त्यांनी कुणाचे तरी अंकित व्हावे आणि त्याला लाभ पोहोचवावा, एवढीच त्यांची भूमिका. भाणारला १११४ मध्ये दिलेली जागा ती हीच.

३/
इतिहासाची आवड असलेल्या एका अख्ख्या पिढीने जगाचा पहिला नकाशा या खेळांत पाहिला. यात खंत करण्याजोगे काही नाही. कित्येकांना व्हेनिस, माली, ख्मेर ही नावे तिथेच भेटली. आक्षेप वेगळा आहे. खेळ बंद केल्यावरही तो गुणतक्ता डोक्यात चालूच राहतो. मग जिल्ह्याचा इतिहास वाचताना पहिला प्रश्न येतो तो ‘इथे कोणते साम्राज्य होते?’ हा. उत्तर ‘मोठे असे कोणतेच नाही’ असे आले की पुस्तक मिटते.

४/
‘भंडाऱ्याला इतिहास नाही’ हे वाक्य याच मार्गाने जन्माला येते. राजधानी नाही, जगप्रसिद्ध लढाई नाही, नकाशावर पसरलेला रंग नाही. या थ्रेडचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. लहान राज्य म्हणजे अयशस्वी झालेले मोठे राज्य, ही समजूत चूक आहे. ती खेळाच्या नियमांतून आलेली आहे, पुराव्यातून नव्हे. आणि या चुकीची किंमत केवळ ज्ञानाच्या हिशेबात मोजून भागत नाही. ती भंडाऱ्याच्या शेतांत आणि तलावांत आजही मोजली जात आहे.

५/
आधी खेळाची बाजू नीट समजून घ्यावी. सीड मायर यांचा पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. १९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने ‘मास्टर ऑफ ओरायन’विषयी लिहिताना अशा खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव दिले. चार क्रियापदे : शोधा, विस्तारा, उपसा, संपवा. आजही प्रकाराचे नाव तेच आहे. कोणताही खेळ कोणती क्रियापदे देतो यावरून खेळाडू कोणते प्रश्न विचारणार हे ठरते. ‘सांभाळा’ आणि ‘दुरुस्त करा’ ही क्रियापदे त्या चारांत नाहीत.

६/
जाणकार खेळाडू येथे हरकत घेतील : लहान साम्राज्य घेऊनही खेळता येते की! चार-पाच शहरे ठेवायची, तीच फुलवायची. खेळाडूंच्या भाषेत ‘टॉल’ खेळायचे. हे खरे आहे, आणि ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये ती चाल फार प्रभावी ठरत असे. परंतु त्या लहानपणाचा हेतू काय? शेवटी अंतराळयान आधी पाठवणे किंवा संस्कृतीचे गुण आधी भरणे. लहान राहणे हा तेथे विजयाचा एक आडमार्ग आहे. लहान राहून नीट जगणे हे उद्दिष्ट निवडताच येत नाही.

७/
व्हेनिसचे उदाहरण बोलके आहे. २०१३ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या विस्तारात व्हेनिसला नवी शहरे वसवण्याची मनाई आहे. जाणीवपूर्वक घडवलेले हे लहान साम्राज्य. त्याला भरपाई म्हणून काय दिले? ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नावाचा व्यापारी, जो एखादे नगरराज्य चक्क विकत घेऊन टाकतो. म्हणजे लहानाला जगण्याचा जो मार्ग खेळाच्या रचनाकारांना सुचला, तो त्याहून लहानाला गिळण्याचा.

८/
गोंडवनाच्या वाचकाला सर्वांत खटकावा असा नियम आणखी वेगळा आहे. डावाच्या सुरुवातीला नकाशावर ‘ट्रायबल व्हिलेज’, आदिवासी गावे विखुरलेली असतात. खेळाडूची तुकडी गावात शिरली की गाव तिला सोने, एखादी विद्या किंवा माणसे देते आणि त्याच क्षणी नकाशावरून नाहीसे होते. त्या गावाला नाव नसते. ते कुठे गेले हे कुणी विचारत नाही. जे स्वागत करत नाहीत ते ‘बार्बेरियन’. त्यांचा तळ उद्ध्वस्त केला की बक्षीस मिळते.

९/
हा आक्षेप केवळ भारतातून घ्यावा असा नाही. २०१८ च्या ‘राइज अँड फॉल’ विस्तारात कॅनडातील क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना साम्राज्याचे नेते म्हणून घेतले गेले. तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनचे एक प्रमुख मिल्टन टुटूसिस यांनी जाहीर आक्षेप नोंदवला. भूमी जिंकणे आणि इतरांवर राज्य करणे ही वसाहतवाद्यांची मूल्ये क्री लोकांचीही होती, असे चित्र या खेळातून उभे राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यादीत नाव घालणे म्हणजे न्याय नव्हे. यादीचा निकषच तपासावा लागतो.

१०/
तोच निकष आता भंडाऱ्यावर तपासून पाहू. सुरुवात पवनीपासून. वैनगंगेच्या काठच्या या गावात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे मौर्य-सातवाहन काळातील दोन भव्य स्तूप निघाले. पहिल्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, दुसऱ्याचा सुमारे ४१ मीटर. सांचीच्या मुख्य स्तूपाचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर आहे.

११/
खेळात अशा वास्तूला ‘वंडर’ म्हणतात. ती एका साम्राज्याच्या एका शहरात, राजाच्या आज्ञेने, जगात एकदाच उभी राहते. पवनीचे स्तूप कोणत्याही सम्राटाच्या राजधानीत नव्हते. तेथील कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे हे काम अनेकांच्या वर्गणीतून वाढत गेले. खेळाच्या नियमांनुसार पवनीला असे काही बांधताच आले नसते. ज्या नियमांत पवनी बसत नाही, त्या नियमांनी भंडाऱ्याचा इतिहास मोजणे कितपत शहाणपणाचे?

१२/
पुढचा टप्पा देवगडच्या गोंड राज्याचा. देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. त्याची सत्ता भंडाऱ्याच्या मुलखापर्यंत पसरली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त देवगडच्या जाटबा राजाची नोंद आहे : दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ, शंभरावर हत्ती. मुघल दप्तराने या राज्याविषयी नेमके तेवढेच टिपले जेवढे खेळाचा गुणतक्ता टिपतो, म्हणजे सैन्यबळ. राज्यात पिकत काय होते आणि पाणी कोण वाटत होते, हे त्या ओळीत नाही.

१३/
याच घराण्यातला बख्त बुलंद शाह सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर होता. वारसाहक्काच्या भांडणात त्याने औरंगजेबाचा आधार घेतला, इस्लाम स्वीकारला. आणि पुढे बादशहा दख्खनच्या युद्धात गुंतलेला पाहून त्याच्याविरुद्धच बंड केले. लहान राज्याचे राजकारण असे असते. आज मांडलिक, उद्या बंडखोर, परवा पुन्हा तह. खेळात अंकित राज्याची निष्ठा आकड्याने मोजली जाते. बख्त बुलंदची निष्ठा अशा कोणत्याही आकड्यात मावली नसती.

१४/
परंतु त्याचे खरे काम लढाईचे नव्हते. परंपरेनुसार १७०२ च्या सुमारास त्याने बारा खेडी जोडून नागपूर वसवले. हिंदू असोत की मुसलमान, गुणी माणसे कारभारात घेतली. बाहेरून कष्टाळू शेतकरी आणि कारागीर बोलावून गावे वसवली. तुमसरजवळचा अंबागड किल्ला त्याचाच अधिकारी राजखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधला. एका गोंड राजाचा पठाण अधिकारी पूर्व विदर्भाच्या टेकडीवर किल्ला बांधतो. ‘एक साम्राज्य, एक संस्कृती, एक रंग’ या चौकटीत हा प्रसंग बसवून दाखवावा.

१५/
आता मुख्य साक्षीदार : तलाव. भंडाऱ्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. वाटते, भरपूर आहे. पण रोवणीनंतर किंवा नेमके धान निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली की उभ्या बांध्या जळतात. उत्तर एकच होते : उताराला आडवी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि गरजेच्या आठवड्यात पाटाने खाली सोडायचे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आजही नोंदलेले आहेत. भंडाऱ्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात ते यामुळे.

१६/
हे तलाव कोणी बांधले? मुख्यत्वे कोहळी समाजाने. चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांना काशीहून आणले अशी परंपरागत कथा आहे. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहार स्पष्ट आहे : जो जंगलात तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. राजाने तिजोरी उघडली नाही, वेठबिगारांची फौज धाडली नाही. बांधणाऱ्याचे हित आणि तलावाचे आयुष्य एकमेकांत गुंतवले. पाळ फुटली तर पहिले शेत बांधणाऱ्याचेच वाहून जाणार.

१७/
‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये भारताला ‘स्टेपवेल’, म्हणजे पायऱ्यांची विहीर, ही खास सुधारणा दिली आहे. ‘बिल्डर’ नावाची तुकडी जाते, एका खेळीत विहीर तयार होते, अन्नाचे गुण वाढतात. त्यानंतर त्या विहिरीला कधीच गाळ साचत नाही. तिच्या देखभालीला काही लागत नाही. आणि बिल्डरला मुळात तीनच कामे करता येतात. तिसरे काम झाले की तो पडद्यावरून नाहीसा होतो. आदिवासी गावाप्रमाणेच बांधणाराही अदृश्य.

१८/
भंडाऱ्याचा तलाव अशा बिल्डरने बांधता आला नसता. पाळ दरवर्षी पाहावी लागते, उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात, सांडवा मोकळा ठेवावा लागतो, गाळ काढावा लागतो, पाण्याची पाळी कुणाची हे ठरवावे लागते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. (हा भाग १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे.) लोकांनी पुढे त्याला कोलासूर म्हणून देवत्व दिले. बांधणारा नाहीसा झाला नाही. त्याच परिसरात त्याचे ठाणे आहे.

१९/
पहिली मोठी हरकत आता घ्यावीच लागेल : ‘पण शेवटी मोठ्यानेच लहानाला गिळले ना?’ होय. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा झाला. राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले आणि १७४३ पर्यंत राज्याची सूत्रे रघूजींच्या हाती गेली. बुऱ्हाणशाह नामधारी राजा म्हणून नागपुरात राहिला. पुढे भोसल्यांचे राज्यही १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केले. गुणतक्त्याच्या हिशेबाने देवगड हरले, नागपूर हरले, इंग्रज जिंकले.

२०/
मात्र तलावाकडून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. देवगड गेले, तलाव राहिले. भोसले आले आणि गेले, तलाव राहिले. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना मालकी हक्क दिले. तलाव ‘मालगुजारी’ झाले, पण राहिले. ज्या व्यवस्थेने तीन राजवटी पचवल्या, ती लहान राज्यांच्या छायेत घडलेली होती. राज्याचे आयुष्य त्याच्या सीमेवरून मोजायचे की त्याने लावून दिलेल्या व्यवस्थेच्या टिकाऊपणावरून? खेळ पहिला निकष देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरा विसरू नये.

२१/
येथे रमणीय चित्र रंगवण्याचा मोह टाळला पाहिजे. मालगुजारी ही समतेची व्यवस्था नव्हती. मालगुजाराचा गावावर वचक होता, पाण्याच्या वाटपात जातीची उतरंड होती, बिगारी होती. आणि सर्वांत कडू गोष्ट : गोंड राजांनी बोलावलेल्या शेतकरी जातींच्या हाती सुपीक धानपट्टा गेला, आणि राजांचेच जातभाई असलेली सामान्य गोंड कुटुंबे अनेक ठिकाणी जंगलाच्या कडेला सरकली. लहान राज्यही अन्याय करते. म्हणून लहानाचे कौतुक करा असे येथे सुचवलेले नाही. लहानाचा अभ्यास करा, एवढेच म्हणणे आहे.

२२/
मग ती व्यवस्था मोडली कधी? रणांगणावर नव्हे, कागदावर. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली. १९५१ मध्ये अंमल सुरू झाला. जमीनदारीचा अंत न्याय्यच होता. पण त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, बोलीत ‘मामा तलाव’, हे नाव चिकटले. पुढे विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दप्तरे या कार्यालयातून त्या कार्यालयात गेली. गाळ काढणे आणि पाळ बांधणे ही गावाची ठरलेली कामे हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत.

२३/
याच काळात पाण्याची कल्पनाही ‘मोठी’ झाली. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा, उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे. खर्च पुढे हजारो कोटींवर गेला, काम दशकानुदशके लांबले, गावे उठली. ‘सिव्हिलायझेशन ६’च्या २०१९ च्या विस्तारातही धरण बांधता येते. तेथे पूर थांबतो, वस्ती वाढते, आणि एकही गाव उठत नाही.

२४/
धरण नकोच, असा सोपा निष्कर्ष कुणी काढू नये. कालव्याचे पाणी मिळालेल्या शेतकऱ्याला ते ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्रश्न प्राधान्याचा आहे. एक प्रचंड बांधकाम नकाशावर दिसते, त्याला उद्घाटन असते, नाव असते. हजारो लहान पाळींची दुरुस्ती दिसत नाही. ज्या नजरेला फक्त मोठे साम्राज्य दिसते, तिला फक्त मोठे धरणच दिसणार. इतिहासाची सवय आणि धोरणाची सवय एकाच मुशीतून येते, म्हणूनच हा वाद केवळ खेळाचा नाही.

२५/
दुसरी हरकत : ‘अहो, तो फक्त खेळ आहे.’ बुद्धिबळही खेळच आहे. पण बुद्धिबळ खेळून कुणी स्वतःला मध्ययुगाचा जाणकार समजत नाही. हे खेळ मात्र खरी नावे, खरे राजे, खरी वाद्ये घेऊन येतात आणि इतिहासाचा दावा करतात. त्याच साच्यातले रंगीत नकाशे मग मराठी समाजमाध्यमांवर फिरतात : भगवा रंग अटकेपासून कटकेपर्यंत. त्या पराक्रमाचा अभिमान रास्त आहे. १७५१ मध्ये ओडिशा मिळवणारे नागपूरकर भोसलेच होते. पण त्या भगव्या पट्ट्याखाली भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने काय भरले आणि काय मिळवले, हे नकाशा सांगत नाही. ते विचारणे म्हणजे मराठ्यांचा अपमान नव्हे. तोच इतिहास आहे.

२६/
या सवयीचा खरा तोटा कोणाला? भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर येथे वाढणाऱ्या मुलांना. ती रोमची सगळी सम्राटमालिका सांगू शकतात, पण गावच्या तलावाची पाळ कोणी घातली हे त्यांना ठाऊक नसते. ज्या वृद्धांना पाणीवाटपाच्या पाळ्या, तलावातील मासे आणि पाणवनस्पतींची नावे ठाऊक आहेत, ती पिढी सरत चालली आहे. सम्राटांच्या याद्या शंभर वर्षांनीही मिळतील. ही माहिती मिळणार नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नाही.

२७/
सर्वच हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील मासेमारांबरोबर काम करून मामा तलावांतील बेशरमसारखी झुडपे काढणे, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि स्थानिक मासे टिकवणे हे काम हाती घेतले. ढिवरांचे ज्ञान हा त्या कामाचा पाया आहे. तलाव बांधणारे कोहळी, तलावावर जगणारे ढिवर, त्याच्या कडेच्या जंगलातले गोंड : या तिघांशिवाय भंडाऱ्याचा इतिहास लिहिणे म्हणजे पुन्हा एकदा खंडणीची यादी लिहिणे होय.

२८/
म्हणून खेळणाऱ्यांनी खेळ सोडू नये, प्रश्न बदलावेत. पुढच्या डावात लहान साम्राज्य घ्यावे आणि विजयाच्या अटी बंद करून पाहाव्यात. शंभर खेळ्यांनंतर करण्याजोगे काय उरते, ते तपासावे. ‘एंड टर्न’ दाबण्याखेरीज फारसे काही उरत नसेल, तर त्या खेळाला राज्य म्हणजे काय हे किती कळले आहे, त्याचा अंदाज येईल. खेळात बदल घडवणारे ‘मॉड’ करणाऱ्या तरुणांसाठी तर काम तयारच आहे : गाळ साचणारा तलाव, दरवर्षी दुरुस्ती मागणारी पाळ, नाहीसा न होणारा बिल्डर.

२९/
आणि इतिहास वाचणाऱ्यांनी, आपला जिल्हा कोणताही असो, तीन प्रश्न घेऊन गावात जावे. पाणी कोणी अडवले? ते कोणत्या बोलीवर वाटले गेले? ती बोली कधी आणि कोणी मोडली? १९०८ चे भंडारा गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल आणि निस्तार पत्रके येथून सुरुवात करता येईल. पण ती सारी सरकारची बाजू आहे. उरलेली बाजू पाळीवर बसलेल्या माणसांकडे आहे. उत्तरे नावानिशी, तारखेनिशी, त्यांच्या परवानगीने लिहून ठेवावीत.

३०/
रतनपूरच्या शिलालेखात भाणारपुढे राजाचे नाव नाही, लोकांचे तर नाहीच. खंडणी देणारा प्रदेश एवढीच त्याची ओळख. जाजल्लदेवाच्या लेखनिकाला तेवढेच हवे होते, त्याला दोष देता येणार नाही. परंतु आजच्या वाचकाला त्या राजाला खंडणी द्यायची नाही. तरीही तो लेखनिकाच्याच नजरेने यादी वाचत राहिला, तर पुढचे नऊशे वर्षेही भंडाऱ्याची नोंद तेवढीच राहील. पावसाळ्याआधी एखाद्या मामा तलावाची पाळ चालून यावी, आणि ती कोणी बांधली हे विचारावे.